पाल्डेया फिरताना: गोव्यातल्या पोरांचे आणि त्यांच्या आयांचे नेहमीचे प्रश्न

हे पान पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट या व्हिडिओ गेममधल्या पाल्डेया प्रदेशात हिंडणाऱ्यांसाठी आहे. पोकेमॉन म्हणजे पकडून, वाढवून लढवायचे काल्पनिक प्राणी. फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे इकडची मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, तेवढंच इथे घेतलंय. गोष्टीचा शेवट फोडलेला नाही, निर्धास्त वाचा. गेममधली नावं इंग्रजीत दिसतात, इथे ती कानाला लागतील तशी देवनागरीत लिहिली आहेत.

पाल्डेया म्हणजे नेमकं काय?

निन्टेन्डोच्या स्विच या गेम यंत्रावर १८ नोव्हेंबर २०२२ ला पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट हे दोन गेम एकाच दिवशी आले. गेम फ्रीक कंपनीने बनवलेल्या या जोडीचा प्रदेश म्हणजे पाल्डेया. पहिल्या तीनच दिवसांत जगभरात मिळून एक कोटी प्रती खपल्याचं निन्टेन्डोने जाहीर केलं होतं. नकाशाच्या मधोमध एक प्रचंड विवर आहे आणि बाकी सगळा प्रदेश त्याच्याभोवती पसरलेला आहे. तुमचं घर अगदी दक्षिणेला काबो पोको इथे, आणि शाळा जवळच्या मेसागोझा शहरात. शाळेने मुलांना अभ्यास म्हणून बाहेर भटकायला सोडलंय, एवढंच गोष्टीचं निमित्त. अशी शाळा आपल्याकडे असती तर, असं प्रत्येक मुलगा एकदा तरी म्हणतोच.

दादा, स्कार्लेट घेऊ की व्हायोलेट?

घरात किंवा शेजारी कोणाकडे एक असेल तर दुसरा घे. प्रदेश तोच, जिम (जिथे म्होरक्याशी लढून बॅज मिळवायचा ती ठिकाणं) तेच. फरक आहे तो थोड्या पोकेमॉनचा, शाळेच्या नावाचा, प्राध्यापकांचा आणि ज्याच्या पाठीवर बसून फिरायचं त्या वाहनाचा. स्कार्लेटमध्ये कोरायडॉन, व्हायोलेटमध्ये मिरायडॉन. लार्व्हिटार आणि डायनो स्कार्लेटमध्ये सापडतात, बेगॉन आणि ड्रीपी व्हायोलेटमध्ये. आर्मारूज पाहिजे तर स्कार्लेट, सेरुलेज पाहिजे तर व्हायोलेट. शेजाऱ्याकडे दुसरी आवृत्ती असली की अदलाबदल होते आणि भांडणही होतं.

सगळीकडे मोकळीक आहे म्हणतात. मग पहिल्या दिवशीच उत्तरेच्या बर्फात जाऊ का?

जाता येईल, पण टिकता येणार नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज याच बाबतीत होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीचा शिकवणीचा भाग संपला आणि शाळेने सुट्टी दिली की कुठलीही वाट अडवलेली नसते. आठ जिम, पाच टायटन (अवाढव्य पोकेमॉन) आणि टीम स्टार या बंडखोर मुलांच्या टोळीचे पाच तळ, अशा तीन वाटांचे अठरा मुक्काम नकाशावर एकदम दिसतात. ते कुठल्याही क्रमाने करा असं गेम सांगतो. पण तो एक गोष्ट सांगत नाही. तुम्ही कधी जाता यावर समोरच्याची लेव्हल, म्हणजे ताकदीचा आकडा, ठरत नाही, ती आधीच बांधलेली आहे. कोर्तोंदोच्या जिमची म्होरकी केटी, तिचा सगळ्यांत तगडा पोकेमॉन लेव्हल १५ चा असतो आणि ग्लासेआदो पर्वतावरच्या ग्रुशाचा ४८ चा. सुरुवातीला त्याच्याकडे गेलात तरी तो ४८ चाच. खूप बॅज घेऊन केटीकडे परत आलात तरी ती १५ चीच, आणि मग ती लढत नुसती हजेरी लावण्यापुरती उरते.

म्हणजे मोकळीक आहे ती पायांना. लेव्हलना नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पाल्डेया चांगला समजतो. दूर जा, बघून या, एखादं शहर नकाशावर उघडून ठेवा म्हणजे पुढे उडत्या टॅक्सीने तिथे थेट जाता येईल. फक्त लढत मागाहून करा.

मग खरा क्रम कोणता?

लेव्हलच्या हिशेबाने पाहिलं तर हा असा जातो. आधी कोर्तोंदोची केटी, मग खडकाळ कड्यावरचा टायटन क्लॉफ, मग आर्ताझोनचा ब्रासियस. त्यानंतर आकाशातला टायटन बॉम्बर्डियर, टीम स्टारचा जियाकोमो, लेविन्सियाची आयोनो, टीम स्टारची मेला. इथवर मुलं आपोआप येतात, कारण मेसागोझाच्या पूर्व आणि पश्चिम दरवाजांतून निघालं की हेच आधी भेटतात.

पुढे गडबड होते. ऑर्थवर्म टायटन, कास्काराफाचा कोफू, टीम स्टारचा अ‍ॅटिकस आणि मेदालीचा लॅरी हे साधारण २९ ते ३६ च्या पट्ट्यातले, आणि ते नकाशाच्या चारी बाजूंना विखुरलेले आहेत. एका बाजूने सगळं संपवत जायची सवय असलेला मुलगा पूर्वेकडून चढत जातो आणि एकदम भिंतीला धडकतो. त्यामुळे अर्ध्यावर आल्यावर पूर्व-पश्चिम असं झुलत राहावं लागतं. त्यानंतर मोन्तेनेवेराची राईम, वाळवंटातला टायटन, आल्फोर्नादाची ट्युलिप आणि ग्रुशा. टीम स्टारचे ओर्टेगा आणि एरी, आणि कासेरोया तळ्यातला टायटन शेवटाला ठेवा, ते सगळे पन्नाशीच्या पुढचे.

माझं मत विचाराल तर हा क्रम भिंतीवर चिकटवू नका. दोन-तीन लढती वर-खाली झाल्या की खरी मजा येते. जरा जड जाणारा जिम टाईपच्या (आग, पाणी, बर्फ असा पोकेमॉनचा प्रकार) जोरावर जिंकलेला पोरगा आठवडाभर तेच सांगत असतो.

जिम आधी की टायटन आधी?

टायटन. फिरायची हौस असेल तर डोळे झाकून टायटन. जिम जिंकून बॅज मिळतो, टायटन हरवून वाहनाची नवी ताकद मिळते, आणि ती ताकद म्हणजेच नकाशा.

क्लॉफ हरला की कोरायडॉन किंवा मिरायडॉन जोरात धावतो. बॉम्बर्डियर हरला की पाण्यावरून जातो, आणि इथून प्रदेश अचानक दुप्पट वाटायला लागतो, कारण तोवर प्रत्येक नदी म्हणजे कुंपण होतं. ऑर्थवर्मनंतर उंच उडी. आसादो वाळवंटातल्या टायटननंतर हवेत तरंगत खाली उतरणं. हा टायटन स्कार्लेटमध्ये ग्रेट टस्क, व्हायोलेटमध्ये आयर्न ट्रेड्स. आणि कासेरोया तळ्यातल्या दोन्दोझो-तात्सुगिरीनंतर उभ्या कड्यावर चढणं.

चढण्याची ताकद सगळ्यांत शेवटी मिळते हे काहींना खटकतं. मला ते बरोबर वाटतं. ती पहिल्याच दिवशी दिली असती तर कोणीही वाट शोधली नसती, सगळे सरळ रेषेत भिंती चढत गेले असते. तोवर तिरक्या उतारावर उड्या मारत मारत बऱ्याच ठिकाणी पोचता येतं. कड्यावरून पडलात तरी घाबरू नका, फोनमध्ये राहणारा रोटॉम पोकेमॉन सांभाळून खाली उतरवतो.

टायटनबरोबर आर्वेन नावाच्या मुलाची गोष्ट पुढे सरकते. तिन्ही वाटांतली तीच सगळ्यांत चांगली लिहिलेली आहे, घाईघाईत बटण दाबून संवाद उडवू नका.

मी मोठा पोकेमॉन पकडला पण तो ऐकतच नाही. स्विच बिघडला काय?

नाही रे. बॅज कमी आहेत. एकही बॅज नसताना लेव्हल २० पर्यंत पकडलेले पोकेमॉन ऐकतात. पुढे प्रत्येक बॅजमागे पाच लेव्हल वाढतात आणि आठ बॅज झाले की सगळेच ऐकतात. पकडताना लेव्हल किती होती ते मोजलं जातं. लहान असताना पकडून तूच वाढवलेला पोकेमॉन लेव्हल वाढली म्हणून बिघडत नाही. टायटनच्या मागे लागणाऱ्यांनी मध्येमध्ये दोन-चार जिम उरकावेत ते याचसाठी.

पोकेमॉन सेंटर कुठे सापडतं?

थकलेले पोकेमॉन बरे करायचं हे ठिकाण रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, पेट्रोल पंपासारखं. आत जायचं दारच नाही. तिथेच दुकान आणि टीएम (पोकेमॉनला नवी चाल शिकवणारी वस्तू) बनवायचं यंत्र असतं. टीएम आता एकदा सापडला की पुन्हापुन्हा बनवावा लागतो, त्यासाठी हरवलेल्या पोकेमॉनकडून मिळालेलं सामान आणि एलपी नावाचे गुण लागतात. टेरा ऑर्ब, म्हणजे लढतीत पोकेमॉनचा टाईप बदलणारा गोळा, तोही सेंटरमध्येच परत भरतो. लढतीत एकदा टेरा वापरला आणि भरायला विसरलात, तर पुढच्या जिमला ऐनवेळी हात रिकामा.

सेंटरपर्यंत जायचं नसेल तर मेनूत पोकेमॉनवर येऊन वजा चिन्हाचं बटण दाबा. पिशवीतली औषधं आपोआप बरोबर वापरली जातात. हे मुलांना कळायला फार उशीर लागतो.

सतत लढायचा कंटाळा येतो. दुसरा काही मार्ग?

आर बटण दाबलं की संघातला पहिला पोकेमॉन बाहेर पडून स्वतःच आसपासच्यांशी भिडतो. तुम्ही चालत राहा. अनुभव कमी मिळतो पण टीएमचं सामान भरपूर जमतं. टीम स्टारच्या तळावर तर हेच करायचं असतं, दहा मिनिटांत तीस पोकेमॉन पाडायचे.

पॉमो, ब्रॅम्बलिन आणि रेलर हे तिघे असे बाहेर ठेवून हजार पावलं चालल्यावर पुढच्या लेव्हलला बदलतात. नुसती लेव्हल वाढवत बसलात तर कधीच बदलणार नाहीत. पावलं मोजायला मैदानातल्या मैदानात गोल फिरलं तरी चालतं.

पाल्डेयातली गावं बघून पणजीच्या फोंतेन्हासची आठवण येते. हा भास आहे का?

भास नाही. पाल्डेया बेतलाय तो आयबेरियावर, म्हणजे स्पेन आणि पोर्तुगालच्या द्वीपकल्पावर. पोर्तुगाल त्या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला आहे, आणि गेममध्येही पश्चिमेकडे पोर्तो मारिनादा नावाचं लिलावाचं बंदर सापडतं. आपल्याकडे पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले, तेव्हा कौलं, चौक, पांढऱ्या भिंती यांची ओळख पटणारच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशात निळ्या फरशांवरची चित्रं पाहिलेला मुलगा हा गेम परका म्हणून खेळत नाही. ती चित्रं पाहिली नसतील तर एकदा जाऊन बघाच, गेम कुठे पळत नाही.

पण भूगोलाचं पुस्तक म्हणून पाल्डेयाकडे बघू नका. खऱ्या स्पेनचं प्रसिद्ध वाळवंट, ताबेर्नास, आग्नेयेला आहे. गेममधलं आसादो पश्चिमेला. खरा सिएरा नेवादा पर्वत दक्षिणेत. गेममधला बर्फ उत्तरेत. मधोमध विवर तर कुठेच नाही. एटलासवरून अंदाज बांधणारे हुशार विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

पोकेमॉनमध्येही त्या मुलखाची चव आहे. स्मोलिव म्हणजे ऑलिव्ह, फिडो म्हणजे कणकेचा कुत्रा, सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू ऐकून उठणाऱ्यांना तो लगेच आवडतो. नॅक्ली मिठाचा आहे, मिठागरं पाहिलेल्या पेडण्याच्या आणि बारदेशच्या पोरांनी त्याला संघात ठेवावाच. शेवटी तो गार्गानॅकल होतो आणि सहजी हलत नाही. कॅप्साकिड म्हणजे मिरची. आपल्या हुमणातली मिरचीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबरच इथे आली, हे आजीला सांगून बघा, ती मानणार नाही. त्याला स्कोव्हिलेन करायला फायर स्टोन द्यावा लागतो.

पिकनिक आणि सॅन्डविच कशासाठी? वेळ फुकट नाही का जात?

नाही जात. सॅन्डविच खाल्ल्यावर अर्धा तास काही ना काही शक्ती मिळते. एखाद्या टाईपचे पोकेमॉन जास्त दिसतात, पकडणं सोपं होतं, अंडी लवकर मिळतात. पाहिजे तो पोकेमॉन दिसतच नसेल तर गवतात तासभर चकरा मारण्यापेक्षा त्याच्या टाईपचं सॅन्डविच बनवा. पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या नोंदवहीत, त्या पोकेमॉनचं राहण्याचं ठिकाण नकाशावर रंगवून दाखवतात, आधी ते बघा.

सामानात चोरिझो (मसालेदार सॉसेज) आहे. हो, आपला चोरीस ज्याचा नातेवाईक तोच. शाकाहारी घरातली मुलं विचारतात म्हणून सांगतो, टोफू, टोमॅटो, सिमला मिरची, चीज सगळं आहे, मांस न वापरता बहुतेक शक्ती मिळवता येतात. वरचा पाव ठेवताना हात सांभाळा, तो घसरून टेबलाखाली गेलेला सगळ्यांनी पाहिलाय.

रंगीत म्हणजे शायनी पोकेमॉन कसा ओळखायचा?

डोळ्यांनी. इथे मैदानात चमक नाही की आवाज नाही, फक्त रंग वेगळा असतो. काहींचा फरक इतका पुसट की शेजारून निघून जाल. साधी शक्यता ४,०९६ मध्ये एक. एक युक्ती आहे: आर बटणाने आपला पोकेमॉन त्याच्यावर सोडा. शायनी असेल तर तो हल्ला करायला नकार देतो. नकाशावर एकाच जातीचा थवा दाखवणारी खूण दिसली तर तिथे जाऊन साठ पाडा, मग शक्यता वाढते.

जमिनीत रोवलेले चमकणारे खुंट दिसतात. ते काय आहेत?

काढा. चार रंगांचे प्रत्येकी आठ, एकूण बत्तीस आहेत. एका रंगाचे आठही काढले की त्या रंगाचं बंद दार उघडतं आणि आत लेव्हल ६० चा एक दुर्मीळ पोकेमॉन वाट बघत असतो. त्यांची कथा शाळेत इतिहासाच्या बाई, रायफोर्ट, वर्गात सांगतात. एका राजाच्या हावेची गोष्ट आहे ती. भटकंतीच्या नादात बहुतेक मुलं वर्गात परत जातच नाहीत आणि दारं का बंद आहेत तेच त्यांना कळत नाही. सात विषय आहेत, तास छोटे आहेत, बसा.

मनोऱ्यांवर पेटीत बसलेला तो कोण?

गिमीगूल. नाणी देतो. ९९९ नाणी जमली आणि लेव्हल वाढवली की गोल्डेंगो होतो. मनोरा दिसला की चढायचं, एवढी सवय ठेवा; वरून दिसणारा देखावा फुकट.

मुलगा मराठी माध्यमात तिसरीत आहे. त्याला झेपेल का?

गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. गंमत म्हणजे पोर्तुगीजही नाही, स्पॅनिश आहे. भाषा सुरुवातीलाच निवडायची असते आणि नंतर बदलता येत नाही, तेव्हा चुकून जपानी निवडणाऱ्या उत्साही हातांवर लक्ष ठेवा. संवादांना आवाज नाही, सगळं वाचावं लागतं. पण वाचायला घाई नसते, बटण दाबेपर्यंत वाक्य थांबून राहतं. पहिले काही दिवस ताई किंवा दादा शेजारी बसला तर तिसरीचं मूल नक्की निभावतं. मारामारी रक्ताची नाही, पोकेमॉन फक्त थकून पडतात. युरोपात याला सात वर्षांपुढच्यांसाठीचं मानांकन आहे.

वेळेची भीती असेल तर निन्टेन्डोचं पालकांसाठीचं मोफत अ‍ॅप फोनवर घ्या आणि रोजची मर्यादा लावा. गेमच्या आत पैसे मागणारी दुकानं नाहीत.

दोघा भावंडांत एकच गेम आहे. दोघांना खेळता येतो का?

येतो, पण एका प्रोफाइलला एकच खेळ साठवला जातो. म्हणून स्विचवर दोन प्रोफाइल करा. हे न केल्यामुळे धाकट्याने नवा खेळ सुरू करायला बघितला आणि घरात रामायण झालं, अशा कथा चतुर्थीला सगळे पाहुणे जमले की ऐकायला मिळतात.

प्रत्येकाकडे आपापला स्विच आणि गेम असेल तर चार जणांपर्यंत एकत्र हिंडता येतं. शेजारी बसून खेळताना इंटरनेट लागत नाही, चोडणच्या फेरीबोटीतही अदलाबदल होते. दूरच्या मित्राबरोबर खेळायला मात्र निन्टेन्डोची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा पाहिजे. फिनिझेनला पालाफिन करायचं असेल तर कोणीतरी सोबत लागतोच: लेव्हल ३८ नंतर, मित्राबरोबर जोडलेले असताना.

पावसात वीज गेली तर केलेलं सगळं जातं का?

टीव्हीला लावून खेळत असाल तर डॉकमधून स्विच उचला, त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर खेळ चालू राहतो. शिवाय गेम स्वतःहून साठवत असतो. तरी जिमच्या आधी हाताने एकदा साठवा.

मधल्या विवरात कधी उतरता येतं?

तिन्ही वाटा पूर्ण झाल्यावर. आत काय आहे ते सांगणार नाही. संघ साठीच्या आसपास नेऊन मगच जा, आणि खाली उतरताना कॅमेरा आजूबाजूला फिरवा.

गेम अडखळतो, दूरचे लोक तुटक हलतात. कार्ड खोटं आहे का?

कार्ड खरं आहे. गेम आला तेव्हापासून ही तक्रार जगभर आहे आणि ती रास्तच आहे. उघड्या प्रदेशात जुन्या स्विचचा दम लागतो. अपडेट घेतलं नसेल तर आधी ते घ्या. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, त्यावर हाच गेम मोफत अपडेटने पुष्कळ गुळगुळीत चालतो. फक्त यासाठी नवं यंत्र घ्या असं मी कोणाच्या बाबांना सांगणार नाही.

पाल्डेया संपला. पुढे?

चारशेचा पोकेडेक्स पूर्ण झाला का? झाला असेल तर पैसे देऊन घ्यायचे दोन जोड-भाग आहेत. सप्टेंबर २०२३ चा किताकामी नावाच्या जपानी वळणाच्या खेड्यात नेतो, डिसेंबर २०२३ चा समुद्रातल्या ब्लूबेरी शाळेत. पहिला निवांत आहे, दुसरा कठीण, तिथे जवळपास सगळ्या लढती दोन-दोन पोकेमॉनच्या. दोन्ही एकत्रच विकले जातात, त्यामुळे कुठला घेऊ हा प्रश्न उरत नाही. आधी किताकामी करा.